टाइप ००चं लांबलचक बॉनेट विरुद्ध आखूड नाकाचं स्केच

सरळरेघ:
जॅग्वारने डिसेंबर २०२४मध्ये मायामीत टाइप ०० ही कन्सेप्ट, म्हणजे नमुना गाडी, दाखवली. गाडी पूर्ण इलेक्ट्रिक, तरी बॉनेट भलंमोठं, चाकं २३ इंची आणि मागची काच गायब. माझ्या स्केचमध्ये नेमकं उलट आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ३००० मिमी, बॉनेट आखूड, पुढची काच पुढच्या चाकावर आणलेली आणि वाचलेली सगळी लांबी मागच्या सीटला. इंजिनच नाही, तर त्याची खोली कशाला बांधायची? अ‍ॅस्टन मार्टिनने २०१८मध्ये जिनिव्हात लगोंडा व्हिजन ही इलेक्ट्रिक कन्सेप्ट दाखवली तेव्हा हाच विचार मांडला होता. आलिशानपणा आत बसणाऱ्याला मिळायला हवा.

मातीकाम:
साफ असहमत. लगोंडा व्हिजन रस्त्यावर आलीच नाही.

बॅटरी फरशीखाली गेली की सीट दहा-पंधरा सेंटिमीटर वर जाते आणि मागोमाग छपरालाही वर जावं लागतं. हा जाडेपणा डोळ्यांआड करायला लांब व्हीलबेस आणि लांब बॉनेट लागतं. तुमच्या स्केचमध्ये छप्पर टाइप ००इतकंच खाली आहे, मग डोकं कुठे जाणार? आधी उंच माणसाची आकृती बसवा, छपराची रेघ त्यानंतर. शिवाय केबिन एवढी पुढे घेतली की ड्रायव्हरचे पाय चाकांच्या कमानींमध्ये येतात आणि पेडल आतल्या बाजूला सरकवावी लागतात. काच जास्त तिरकी झाल्यामुळे वळणावर पुढचा पिलर (काचेच्या कडेचा खांब) नेमका नजरेत येतो, ते वेगळंच.

लंबवर्तुळ:
दोघंही थांबा, मुळात तुलनाच चुकीची चालली आहे. एकीकडे तिरक्या कोनातलं स्केच, दुसरीकडे स्टुडिओतला फोटो. दोन्ही गाड्यांचा निव्वळ साइड व्ह्यू घ्या. फोटो लांबून, मोठ्या फोकल लेन्थने (म्हणजे झूम लावून) आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवरून काढलेला हवा. जवळून वाइड लेन्स लावली की पुढचं चाक फुगतं आणि बॉनेट खोटं लांब दिसतं. मग टायरचा बाहेरचा व्यास एकक धरून व्हीलबेस, दोन्ही ओव्हरहँग (चाकांच्या मध्यापासून गाडीच्या टोकापर्यंतची लांबी) आणि चाकाच्या मध्यापासून काचेच्या बुडापर्यंतचं अंतर मोजा.

ढोबळ नियम असा की पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या जागेत तीन चाकं बसतात. या स्केचमध्ये सव्वादोनच बसतात. त्यात पुढच्या-मागच्या चाकांचा अर्धा-अर्धा भाग धरला की व्हीलबेस सव्वातीन चाकांचा होतो. ३००० भागिले सव्वातीन, म्हणजे टायर ९२० मिमीचा! २३ इंची रिम स्वतः ५८४ मिमीची असते, त्यावर एवढं रबर चढवणार का? आणि हे चाक वळलं की कमान पेडलच्या जागेत आणखी घुसणार. देखणेपणातला निम्मा वाटा या फुगवलेल्या चाकांचा आहे.

सरळरेघ:
चाकं ७८० मिमीवर आणून पुन्हा मोजलं तरी मुद्दा टिकतो. टाइप ००च्या बॉनेटखाली मोटर आणि थोडं कूलिंग सोडलं तर एवढी लांबी मागणारं काही नाही. उंचीचं म्हणाल तर पोर्शेने टायकान या इलेक्ट्रिक गाडीत मागच्यांच्या पायांखाली बॅटरीत खाच ठेवली आहे. पाय खाली गेले की सीट खाली येते आणि छप्परही.

मातीकाम:
खाच म्हणजे तेवढे सेल कमी, रेंज कमी. आणि टायकानची केबिनही पुढच्या चाकावर चढलेली नाही.

तुमच्या दाराच्या काचेचंही बघा. ती उभी-आडवी दोन्हीकडे गोलावली आहे. दारात उतरणारी काच वर-खाली एकाच वक्रतेवर सरकते. वक्रता बदलत गेली की काच रबरात घासते, अडकते, नाहीतर फट राहून वारा शिट्टी घालतो. स्थिर काच ठेवणार असाल तर तसं लिहा.

लंबवर्तुळ:
काचेबद्दल पूर्ण सहमत. टाइप ००ला मागची काच नाही म्हणून मात्र नावं ठेवू नका, पोलस्टार ४ ही इलेक्ट्रिक गाडी तशीच विकली जाते. खरी अडचण नजरेची आहे. आरशात मागची गाडी दूरच दिसते, डोळ्यांचा फोकस बदलत नाही. काचेऐवजी कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारी स्क्रीन मात्र हातभर अंतरावर असते, आणि चाळिशी लागलेल्या ड्रायव्हरला ती पटकन स्पष्ट होत नाही. स्केचमध्येही काच काढणार असाल, तर स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब बसते ते मोजून दाखवा.