एनओसी आहे, पण जिन्याचं काय?

फायर ब्रिगेडची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) असली की हॉस्पिटल सेफ, असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. गेल्या वर्षी बाबा पेठेतल्या एका हॉस्पिटलमधे तिसऱ्या मजल्यावर अ‍ॅडमिट होते, रात्री सोबतीला मीच, तर सहज म्हणून मागचा जिना बघायला गेले, दाराला साखळी आणि कुलूप, आणि काचेतून पाहिलं तर आत मोडक्या खाटा, सलाईनचे स्टँड असलं सगळं रचून ठेवलेलं. सिस्टरला विचारलं किल्ली कुठे, तर म्हणाली वॉचमनकडे असेल ताई. म्हणजे खाली गेटवर! पोटात गोळाच आला हो.

२०२१ मधे भंडाऱ्याला हॉस्पिटलच्या आगीत १० बाळं गेली, त्याच वर्षी विरार आणि नगरला आयसीयूत आग लागली. आयसीयूत ऑक्सिजन असतो त्यामुळे आग भराभर पसरते, शिवाय व्हेंटिलेटरवरचा पेशंट काही उठून पळत नाही, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसते. म्हणून आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या (आग-धूर अडवणाऱ्या दाराच्या) पलीकडे पेशंट हलवायचे आणि मगच गरज पडली तर खाली न्यायचे, अशी पद्धत असते. पण ते रात्रपाळीच्या दोन सिस्टर आणि एका मावशींना कुणी करून दाखवलंय का? ड्रिल झालंच तर दिवसा, तेही फोटोपुरतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे हॉस्पिटलला आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पेशंट अ‍ॅडमिट करताना ते बिनधास्त मागा, आणि मागचा जिना स्वतः उतरून बघा.