हॉर्नबी डब्लो (तीन रुळी): ऑनलाइन घ्यावे की टॉय फेअरमध्ये हातात घेऊन?

लेस्टरकर
इंग्लंडमध्ये राहतो. १९५०च्या दशकातला तीन रुळांचा हॉर्नबी डब्लो (विजेवर चालणारी खेळण्यातली रेल्वे, मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारी) जमवायचा आहे. सुरुवातीला एक ईडीएल १७ (ब्रिटिश रेल्वेजचे काळे ०-६-२ चाकरचनेचे टँक इंजिन, क्रमांक ६९५६७), तीन-चार वाघिणी आणि एका वर्तुळापुरते, म्हणजे आठ वक्र तुकडे रूळ. ईबेवर ही इंजिने सतत दिसतात, पण निम्म्यांखाली 'चालवून पाहिलेले नाही' असे लिहिलेले. टॉय फेअरला (जुन्या खेळण्यांच्या विक्रीमेळ्यात) किमती चढ्या असतात म्हणे. गाडी चालवायची आहे, कपाटात मांडायची नाही. कुठून घेऊ?

सांधेवाला
इंजिन हातात घेऊनच घ्या. रूळ आणि वाघिणी ऑनलाइन घेतल्या तरी बिघडत नाही.

डब्लोच्या इंजिनाचा मुख्य आजार फोटोत दिसतच नाही. तो म्हणजे मोटरचे लोहचुंबक कमजोर होणे. कुणीतरी साफसफाईसाठी आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढतो, तेवढ्या वेळात चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी पट्टी ठेवत नाही, आणि चुंबकाची शक्ती उतरते. असे इंजिन रिकामे असताना उलट जास्तच जोरात पळते, म्हणून सुसाट पळणाऱ्या इंजिनाला भुलू नका. मागे चार वाघिणी लावल्या की धापा टाकते आणि पाच मिनिटांत तापते. अँपिअरमीटर असलेल्या कंट्रोलरवर (रुळांना वीज देऊन वेग आणि दिशा ठरवणाऱ्या पेटीवर) बघा: निरोगी इंजिन साधारण अर्धा ते पाऊण अँपिअर घेते. काटा एकाच्या पुढे गेला आणि ओढ नसली, तर चुंबकावर संशय घ्या. पुन्हा चुंबकित करून देणारे कारागीर आहेत, त्यामुळे इंजिन टाकाऊ ठरत नाही. पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

फेअरमध्ये बऱ्याचदा चाचणीचा रूळ असतो. नसला तर खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा ठेवा. इंजिन उलटे धरा, एक तार खालच्या मधल्या कलेक्टरला (मधल्या रुळावरून वीज घेणाऱ्या पट्टीला), दुसरी सांगाड्याच्या उघड्या धातूला. चाके फिरली की तारांची अदलाबदल करून उलट दिशाही बघा. यातून ओढ कळणार नाही, पण जळालेले आर्मेचर किंवा जॅम झालेले गिअर लगेच कळतील. हे सगळे विक्रेत्याला विचारूनच. नको म्हणाला तर पुढच्या टेबलाकडे जा.

खडीवाला
सांधेवाल्यांशी बव्हंशी सहमत, पण ऑनलाइनला इतके मोडीत काढू नका. फेअरमध्ये सकाळी दार उघडताच व्यापारीच चांगला माल उचलतात. दुपारी उरतो तो चढ्या भावाचा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याची बाकीची यादी आधी उघडा. तिथे कंट्रोलर, रूळ, दहा इंजिने असतील आणि तरी हे एक 'चालवून पाहिलेले नाही' म्हणत असेल, तर ते चालवून पाहिलेले आहे आणि चालत नाही असेच समजा. खरोखर घर आवरणाऱ्याकडून आलेला माल वेगळा दिसतो: फोटो गालिच्यावर, वर्णन चुकीचे, धूळ तशीच. तिथे कधीकधी उत्तम इंजिन मिळते. वाळलेले तेल पुसून काढायचे, कम्युटेटर (आर्मेचरवरची तांब्याची चकती) साफ करायचा, त्याला वीज पोचवणारे ब्रश बदलायचे, की झाले.

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा. खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो. स्क्रूच्या खाचांचा फोटो. खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. आणि तीन वाघिणी ओढत दोन्ही दिशांना दोन मिनिटे चालल्याचा व्हिडिओ. हवेत चाके फिरवल्याचा व्हिडिओ कामाचा नाही.

कायद्याचेही बघा. ऑनलाइन विक्रेता व्यवसाय म्हणून नोंदलेला असेल, तर ब्रिटनच्या २०१३च्या ग्राहक नियमांप्रमाणे माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. खासगी विक्रेत्याला हे लागू नाही. त्याने लिहिलेल्या वर्णनाशी माल जुळला पाहिजे, एवढेच. म्हणून 'चालते' हा शब्द वर्णनात लेखी यायला हवा. फेअरमध्ये मन बदलले म्हणून परत घेणे दुकानदाराच्या मर्जीवर.

लेस्टरकर
दोघांचे आभार. आणखी दोन शंका. मार्क्लिन (जर्मन खेळण्यातली रेल्वे) हीसुद्धा तीन रुळीच असते ना? त्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतोय, डब्लोला चालेल? आणि युद्धापूर्वीचे एक इंजिनही विक्रीला दिसतेय, मोह होतोय.

वाफेचा_इंजिनवाला
मार्क्लिनचा ट्रान्सफॉर्मर मुळीच नको. ते १६ व्होल्ट एसीवर चालते आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका देते. डब्लो १२ व्होल्ट डीसी आहे. एसी दिलीत तर इंजिन जागच्या जागी गुरगुरेल, तापेल आणि चुंबक उतरेल. जुने डब्लो कंट्रोलरसुद्धा दिसायला छान, पण मेन्सच्या वायरीचे रबर तडकलेले असते. ते शोभेला ठेवा. विजेसाठी आजचा साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर घ्या.

युद्धापूर्वीचे (१९३८ ते युद्धाच्या सुरुवातीपर्यंतचे) न बघता घेऊ नका. त्या काळच्या ओतीव जस्तात शिसे मिसळले गेले की धातू आतून फुगतो आणि तडकतो. रंगाखाली केसासारख्या रेषा, वाकलेली बफरची पट्टी, सांगाड्यात अडकणारी चाके ही लक्षणे. याला औषध नाही. ऑनलाइन फोटोत इंजिन समोरून झकास दिसते आणि पार्सलमध्ये तुकडे येतात.

रुळांचे तुकडे कुठूनही घ्या, पण घरी आल्यावर प्रत्येकाचा मधला आणि बाहेरचा रूळ मल्टिमीटरने तपासा. दोहोंत जोड दाखवला तर इन्सुलेशन गेले. आठांतला असा एक तुकडा अख्खे वर्तुळ शॉर्ट करतो. पत्र्याच्या तळाला खालून गंज आहे का तेही बघा.

इंजिनाचा मूळ खोका मात्र तुमच्यासाठी फुकटचा खर्च. चालवायचेच आहे तर बिनखोक्याचे इंजिन घ्या.

सांधेवाला
ऑनलाइन घेतलेच तर पॅकिंग आधीच ठरवून घ्या. ओतीव इंजिन जड असते. आधी मऊ टिश्यू, त्यावर बबलरॅप (थेट लावला तर रंगावर गोल डाग उमटतात), मग घट्ट छोटा खोका आणि तो मोठ्या खोक्यात.