ग्रीक महाकाव्यांतला मोह आणि नियती: कुठून सुरुवात करू?

निशाचर७:
मंडळी, इलियड नि ओडिसी दोन्ही २४-२४ सर्गांची, इलियड दोनदा घेतलं आणि दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत गाडी अडकली. मला खरं तर एवढंच बघायचंय की सगळं आधीच ठरलंय तर मोहात पडला म्हणून माणसाला दोष कसा काय देतात? कुठले सर्ग वाचू, भाषांतर कुठलं घेऊ? इंग्रजी चालेल.

आळशी_वाचक:
ओडिसी आधी घ्या, थेट १२वा सर्ग. त्यात सायरन येतात, गाण्याने खलाशांना भुलवून मारणाऱ्या. सायरन म्हणजे सुंदर बायका असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, होमर त्यांच्या रूपाबद्दल अवाक्षर काढत नाही, त्या ओडिसियसला (ओडिसीचा नायक, ट्रॉयच्या युद्धानंतर जहाजाने घरी निघालेला) सांगतात की ट्रॉयमध्ये काय झालं ते आम्हाला सगळं ठाऊक आहे, ये, शहाणा होऊन जा. म्हणजे मोह ज्ञानाचा!! त्याच सर्गात पुढे सूर्यदेवाची गुरं. टायरेसियस ह्या भविष्यवेत्त्याने ११व्या सर्गातच बजावलेलं असतं की गुरांना हात लावला नाहीत तर घरी पोचाल, लावलात तर जहाज आणि माणसं गेलीच समजा. महिनाभर वारा उलटा, शिधा संपलेला, आणि ओडिसियसचा साथीदार युरिलोकस म्हणतो उपाशी मरण्यापेक्षा समुद्रात मेलेलं बरं. आता ह्यात नियती किती नि भूक किती ते तुम्हीच ठरवा, मला तरी युरिलोकसचा राग येत नाही.

अश्वत्थ:
दोषाचं उत्तर ओडिसीच्या पहिल्याच सर्गात आहे की! देवांचा राजा झ्यूस वैतागून म्हणतो, माणसं उगाच आम्हा देवांच्या नावाने खडे फोडतात, एजिस्थसला देवांचा दूत हर्मिसकरवी आधीच ताकीद दिली होती तरी त्याने ट्रॉयहून परतलेल्या ऍगामेम्नॉन राजाला मारलंच. पण नियतीसाठी इलियडच. ९व्या सर्गात ग्रीकांचा सर्वात मोठा योद्धा अकिलीस, त्याच्यापुढे दोन वाटा, ट्रॉयला राहिला तर कीर्ती आणि लवकर मरण, घरी गेला तर लांब आयुष्य पण नाव नाही. १६व्यात तर झ्यूसला स्वतःच्या मुलाला, सार्पिडॉनला, युद्धातल्या मरणातून वाचवायचा मोह होतो, त्याची बायको हेरा झापते की मग बाकीचे देवही आपापली पोरं वाचवायला बघतील, गप्प बसतो बिचारा.

निशाचर७:
भारी! आणि भाषांतर?

आळशी_वाचक:
ओडिसीला एमिली विल्सन (२०१७), भाषा साधी नि ओळींची संख्या मूळाइतकीच. पद्य झेपत नसेल तर रियूचं गद्य. इलियडला फेगल्स.

अश्वत्थ:
+१ फेगल्स. आणि जहाजांची यादी खुशाल गाळा हो, कोणी परीक्षा घेत नाहीये.