विषय: गृहकर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर घराच्या विम्यावरील नाव बदलणे

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार,

वडिलांच्या शस्त्रक्रियेनिमित्त मी सध्या जळगावला आले असून न्यू जर्सीतील आमचे घर बंद आहे. आमचे गृहकर्ज येत्या एक तारखेपासून दुसऱ्या कंपनीकडे वर्ग होत असल्याचे पत्र आले आहे आणि शेजारणीने त्याचा फोटो मला पाठविला आहे. हप्ता यापुढे कोठे भरायचा हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. परंतु आमच्या होमओनर्स पॉलिसीवर अजून जुन्याच कंपनीचे नाव आहे. ते बदलण्याची जबाबदारी कोणाची, आणि हे काम जळगावहून करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

– एक सभासद, मुक्काम जळगाव

---

ताई, नमस्कार.

न्यू जर्सीतील एका विमा एजन्सीत बरीच वर्षे काम करून मी आता धुळ्याला स्थायिक झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जबाबदारी आपलीच समजावी. काही वेळा नवी कंपनी स्वतःहून विमा कंपनीला कळविते, पण त्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे सोसायटीचे पीककर्ज फेडले तरी बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो, तसेच हे आहे.

हे काम मागे पडले तर खरे नुकसान नूतनीकरणाच्या वेळी होते. आपला प्रीमियम एस्क्रोतून, म्हणजे हप्त्याबरोबर घेऊन कर्जाच्या कंपनीने बाजूला ठेवलेल्या रकमेतून, भरला जात असेल, तर बिल पॉलिसीवर नाव असलेल्या कंपनीकडे, म्हणजे जुन्या कंपनीकडे जाते. तिच्याकडे आता आपले खाते नसल्याने ती ते भरत नाही आणि नव्या कंपनीला बिल मिळालेलेच नसते. पॉलिसी अशी खंडित झाली, किंवा ती चालू असूनही नव्या कंपनीकडे तिचा पुरावा नसला, तर ती कंपनी स्वतः विमा घेऊन त्याचा खर्च आपल्या खात्यावर टाकू शकते. याला फोर्स-प्लेस्ड इन्शुरन्स म्हणतात. तो बहुधा महाग असतो, मुख्यतः कर्ज देणाऱ्याचे हित राखतो आणि घरातील सामानाला किंवा आपल्यावरील दायित्वाला सहसा संरक्षण देत नाही. हा खर्च आकारण्यापूर्वी किमान 45 दिवस आधी लेखी सूचना देणे आणि नंतर स्मरणपत्र पाठविणे कंपनीला बंधनकारक आहे. पण घर बंद असताना ती पत्रे उघडणार कोण, ही मला आपल्या बाबतीत सर्वांत मोठी काळजी वाटते. शेजारणीला अशी पत्रे बाजूला काढून ठेवण्यास अवश्य सांगावे.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम जुन्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करून, किंवा आपल्याजवळच्या जुन्या स्टेटमेंटवरील क्रमांकावर फोन करून, कर्ज खरोखरच वर्ग होत आहे याची खात्री करावी, कारण अशी बनावट पत्रेही येतात. मग नव्या कंपनीकडून ‘मॉर्गेजी क्लॉज’, म्हणजे पॉलिसीवर कर्जाच्या कंपनीचा उल्लेख जसा करायचा तो मजकूर, लेखी मागवावा. त्यात कंपनीचे पूर्ण नाव, त्यापुढे ‘आय-एस-ए-ओ-ए’ व बहुधा ‘ए-टी-आय-एम-ए’ ही अक्षरे (कंपनीचे उत्तराधिकारी आणि त्यांचे हितसंबंध दर्शविणारी इंग्रजी संक्षिप्त रूपे), आणि विम्याच्या कागदपत्रांचा पत्ता असतो. हा पत्ता हप्ता भरण्याच्या पत्त्याहून बहुतेक वेळा वेगळा असतो आणि चूक नेमकी तेथेच होते. तो मजकूर, नवा लोन नंबर आणि कर्ज वर्ग होण्याची तारीख एजंटला ई-मेलने पाठवावी व सुधारित डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीचा मुख्य तपशील असलेले पान, मागवावे. ते हाती आल्यावर नाव, पत्ता आणि लोन नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि त्याची प्रत नव्या कंपनीच्या विमा विभागालाही पाठवावी. या बदलासाठी प्रीमियम वाढत नाही.

हे सारे जळगावहून सहज होते. उन्हाळ्यात तिकडची कार्यालये सकाळी नऊला उघडतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, त्यामुळे रुग्णालयातील धावपळ आटोपून फोन करता येईल.

– एक सभासद, धुळे

---

भाऊ, मनःपूर्वक आभार. एजंटला ई-मेल पाठविला आहे. आमची पुराच्या विम्याची पॉलिसी वेगळी आहे; तिच्यातही बदल करावा लागेल का? आणि या गडबडीत एखादा हप्ता जुन्या कंपनीकडेच गेला तर?

---

ताई, पुराच्या पॉलिसीसाठी स्वतंत्र विनंती करावीच लागते. एकीत बदल केला म्हणून दुसरीत आपोआप होत नाही. घरावर दुसरे कर्ज असेल, तर त्या कंपनीचे नाव दुसऱ्या क्रमांकावर कायम राहिले आहे ना, हेही नव्या डिक्लरेशन पेजवर पाहावे. हप्त्याबाबत म्हणाल, तर कर्ज वर्ग झाल्यापासून 60 दिवसांपर्यंत जुन्या कंपनीकडे वेळेत पोहोचलेला हप्ता उशिराचा धरता येत नाही. तरीही बँकेतून आपोआप जाणारी रक्कम एक तारखेपूर्वीच नव्या खात्याकडे वळवून घ्यावी. वडिलांच्या प्रकृतीचे कळवावे.