मटणाचा तुकडा छातीत अडकलाय, लाळसुद्धा उतरेना

प्रश्न (जुळे सोलापूर)
सासरे ७१ वर्षांचे, कवळी आहे. रश्श्यात कडक भाकरी चुरून मटण खाताना तुकडा अडकला. बोलतात, श्वास नीट आहे, पण पाण्याचा घोटही परत येतो. वाटी धरून थुंकत बसलेत. शेजारच्या काकू म्हणतात, केळं न चावता गिळू दे. हे कच्च्या पपईचा रस काढायला निघालेत. अण्णांचं एकच, "झोपलो की उतरेल." काय करू?

उत्तर १
आमच्या काकांना कोल्ड्रिंक पाजलं, ढेकर आला अन् उतरलं की.

उत्तर २
ताई, मी दुर्बिणीच्या (एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघतात त्या) विभागात सिस्टर आहे. केळं, पपई काही नको. केळं वर साचेल, उलटी होईल आणि ती फुफ्फुसात जाईल. पपईनं मटण मऊ होतं तशी अन्ननलिकाही सोलवटते, फाटूही शकते. सोड्यानं कधीकधी उतरतं, पण इथे लाळच जात नाही, सोडा जाणार कुठे?

लाळ उतरत नाही म्हणजे नळी पूर्ण बंद. अशी दुर्बीण शक्यतो २ तासांत, फार तर ६ तासांत व्हायला हवी. सकाळची वाट बघू नका. आज रविवार, त्यामुळे दुर्बिणीचे डॉक्टर आहेत का हे आधी फोनवर विचारा, नाहीतर सात रस्त्यावर रिक्षा फिरवत बसाल. अण्णांना आडवं करू नका, बसवूनच न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाकीट सोबत घ्या. तुकड्यात हाड होतं का, हे पहिल्यांदा सांगा. बेरियम (एक्स-रेआधी पाजतात ते पांढरं औषध) पाजायचं कुणी म्हटलं तर नको म्हणा, मग दुर्बिणीतून काही दिसत नाही.

(बोलता येईना, श्वास कोंडला, तर ते वेगळं. तिथे लगेच पाठीवर थपडा, पोटावर दाब.)

प्रश्नकर्ती
झाली दुर्बीण. हाड नव्हतं, तुकडा हळूच पोटात सरकवला. खाली नळी अरुंद आहे म्हणाले, तपासायला नमुने घेतलेत. अण्णा विचारतायत, मटण कधी?

उत्तर २
रिपोर्ट येईपर्यंत नाही! अ‍ॅसिडमुळे नळी आकसली असेल तर फुग्यानं रुंद करतात, गोळ्या देतात. कधी अ‍ॅलर्जीची सूज निघते, या वयात कॅन्सर नाही ना हेही बघावंच लागतं. भाकरीच्या घासाला आधीपासून पाणी लागत होतं का, ते डॉक्टरांना सांगा. तोवर भाकरी दुधात कुस्करून. पुढे परवानगी मिळाली तरी खिमाच.