कॉटनला भगीरथ म्हणायचं की नाही?

गोदाकाठ: ‘इंग्रजांनी शेतसाऱ्यासाठी बंधारा बांधला, त्या कॉटनचे पुतळे कसले पूजता?’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. १८३३च्या दुष्काळात गुंटूरकडे माणसं अन्नावाचून मेली आणि गोदावरी भरून समुद्राला जात होती. कंपनीच्या फौजेतल्या मद्रास इंजिनिअर्सच्या आर्थर कॉटनने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला १८४७मध्ये गोदावरीवरच्या बंधाऱ्याचं काम काढलं, १८५२मध्ये पुरं केलं, तेही वाळूच्या पात्रात. बदलीमुळे सात वर्षं राजमहेंद्रीत होतो. घरमालकांच्या आजी गोदास्नानाला उतरल्या की कॉटनचं नाव घ्यायच्या. त्यांनाही महसूल शिकवणार का?

जुना_ओव्हरसियर: महसूल घटला नसता तर कंपनीने दमडी दिली नसती. वाळूत पाया कसा टिकतो हे तो कावेरीवरच्या चोळ राजांच्या जुन्या बंधाऱ्यावरून शिकला, हे त्यानेच कबूल केलंय. शिवाय मजूर जमवून कामाला लावणारे वीणम वीरन्ना. त्यांचं नाव तुमच्या पोस्टीत का नाही?

टेलचा_शेतकरी: तिकडचं सोडा. हीच गोदावरी त्र्यंबकला उगवते आणि आमच्या पैठणला पोचेपर्यंत आटते. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५चा, तरी वरच्या नाशिककडच्या धरणांतून आमच्या जायकवाडी धरणात पाणी सोडायला दरवेळी कोर्टाची पायरी. वडील पाळीची वाट बघत रात्र रात्र चारीवर झोपायचे. पाणी आलं की वरचा शेतकरी चारी फोडून घ्यायचा. मोसंबीची बाग आम्ही स्वतः तोडली.

द्राक्षवाला_निफाड: दरवेळी नाशिकच चोर! आमची धरणं आमच्या आजोबांच्या जमिनी बुडवून झाली. मराठवाड्यात ऊस कोण लावतं, ते आधी बोला.

टेलचा_शेतकरी: माझ्याकडे कांडंभर ऊस दाखवा, शेत नावावर करून देतो. प्यायला टँकर येतो आमच्याकडे!

जुना_ओव्हरसियर: दोघेही थांबा. कॉटनचं खरं भांडण आठवा. सरकार रेल्वेवर पैसा ओतत होतं आणि तो १८७८मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे कालवेच हवेत म्हणून सांगत होता, तेव्हा वय पंच्याहत्तर. एवढं मी मानतो. भगीरथ मात्र म्हणणार नाही.

गोदाकाठ: वीरन्नांचं नाव राहिलं, चूक माझी. पोस्टीत आत्ता घातलंय. पण त्या आजींना मी अडवणार नाही. आणि टेलचे दादा, तुमच्या चारीचं लिहा सविस्तर, वेगळा धागा काढा. मी येतो तिथे.