गारगोटीच्या शिरेतच सोनं का? आणि तेही मधूनमधूनच का?

खडकवेडा
सोनं १०६४ अंशांना वितळतं. मग शिलारसातून वितळलेलं सोनं फटीत शिरलं आणि गोठलं, असं समजायचं का? तसं असेल तर सोबत एवढी गारगोटी कुठून आली? एकाच शिरेत काही मीटर चांगलं सोनं आणि पुढे नुसती पांढरी गार, हे का? शिवाय शीर किती तापमानाला भरली, हे कशावरून ठरवतात?

उष्णजल
वितळलेलं सोनं आधी डोक्यातून काढा. शीर भरते गरम पाण्यातून, बहुतेक वेळा २५० ते ४०० अंशांच्या.

भूकवचात सोनं टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, आणि खाणीला टनामागे निदान काही ग्रॅम लागतं. म्हणजे हजारपटीच्या आसपास गोळा व्हायला हवं. हे काम पाणी करतं. जुना लाव्हा किंवा गाळ खोल गाडला जाऊन ५०० अंशांच्या आसपास तापला, की क्लोराइटसारखी पाणी धरून ठेवणारी खनिजं मोडतात. पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, त्यातलं थोडं गंधकही सुटतं. गंधक आणि कार्बन डायऑक्साइड घेतलेलं हे पाणी फटींतून वर निघतं. सोनं एकटं विरघळत नाही. गंधकाशी, म्हणजे त्याच्या पाण्यात विरघळलेल्या बायसल्फाइड रूपाशी, जोडी जमली तरच प्रवास करतं.

आता गारगोटी. खोलवर गरम पाण्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचाच पदार्थ, भरपूर विरघळते. वर येताना तापमान आणि दाब उतरले की ती बाहेर पडते. थोडक्यात, गारगोटी हा गाडीभर माल आणि सोनं त्यातली चिमूट.

मधूनमधून का, याचं उत्तर 'गंधकाने सोन्याची साथ कुठे सोडली' यात आहे. मुख्य वाटा दोन:

भूकंपात फट अचानक उघडते, दाब कोसळतो, पाणी उकळतं आणि गंधक वायूबरोबर निघून जातं. सोनं तिथल्या तिथे पडतं.

दुसरी वाट म्हणजे भिंतीचा, म्हणजे फटीच्या दोन्ही बाजूंचा, खडक. त्यात लोह भरपूर असेल तर गंधक लोहाला धरून पायराइट बनवतं आणि सोन्याची साथ सोडतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या शिरा अँफिबोलाइटमध्ये, म्हणजे मुळात बेसॉल्टच असलेल्या खडकात आहेत, हे उगीच नाही. तीच शीर लोह कमी असलेल्या ग्रॅनाइटमध्ये शिरली की पुष्कळदा वांझ होते.

नमुना आडवा कापून पाहा. पांढऱ्या गारेत भिंतीच्या खडकाच्या काळ्या, केसाएवढ्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी म्हणजे फट एकदा उघडून पुन्हा बुजली. सोनं आणि पायराइट आधी त्या काळ्या पट्ट्यांच्या कडेला शोधा. दुधाळ, एकसंध गारेत भिंग फिरवून बहुधा काही हाती लागत नाही.

पातळछेद
तापमानाबद्दल. गारगोटी वाढताना तिच्यात पाण्याचे थेंब अडकतात, बहुतेक ५ ते २० मायक्रॉनचे. थंड होताना थेंब आकसतो आणि आत बुडबुडा तयार होतो. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तापवायचा. बुडबुडा ज्या तापमानाला नाहीसा होतो, ते थेंब अडकला तेव्हाचं *किमान* तापमान. खरं तापमान त्याहून जास्त असतं, कारण खोलीवरचा दाब हिशेबात धरावा लागतो. पाणीबहुल आणि वायूबहुल थेंब शेजारी-शेजारी, एकाच वेळी अडकलेले असतील तर मात्र पाणी तेव्हा उकळत होतं; मग ही दुरुस्ती नको.

काप साधारण ०.१ मिलिमीटर जाड आणि दोन्ही बाजूंनी चकाकवलेला हवा. नेहमीच्या ०.०३ मिलिमीटरच्या छेदात बरेच थेंब कापलेच जातात. काप चिकटवताना गरम राळ वापरू नका.

थेंबातल्या पाण्यात मीठ किती, हे त्यातला बर्फ किती अंशांना वितळतो यावरून कळतं. म्हणून आधी गोठवा, मग तापवा. उलट केलं आणि थेंब फुटला तर खारटपणा कायमचा गेला. बर्फाचा शेवटचा कण उणे ५ अंशांना वितळला तर मीठ सुमारे ७.९ टक्के. पण सोन्याच्या शिरांत कार्बन डायऑक्साइड असतोच म्हणा ना: बुडबुड्यात बुडबुडा, दोन कड्या दिसतात. त्याचा आणि पाण्याचा मिळून बर्फासारखा स्फटिक बनतो, तो १० अंशांपर्यंत टिकतो आणि बरंच पाणी अडवून ठेवतो. उरलेलं पाणी जास्त खारट होतं. तिथे बर्फावरून मीठ काढलं तर आकडा फुगतो. त्या स्फटिकाचं वितळणं मोजा.

सगळ्यात जास्त फसगत थेंबांच्या निवडीत होते. एका रांगेत, स्फटिकांच्या सीमा ओलांडून जाणारे थेंब नंतरच्या भेगेत अडकलेले असतात. त्यांचा शिरेच्या जन्माशी संबंध नाही. एकत्र अडकलेला गट निवडा. गटातली तापमानं १०-१५ अंशांच्या आत जुळली तर ठीक. एकाला १८० आणि शेजारच्याला ३१० आलं, तर थेंब गळले आहेत किंवा नंतर आखडून तुटले आहेत. त्यांची सरासरी काढू नका.

खडकवेडा
मग शिलारसातून थेट धातुक, म्हणजे धातू काढण्याजोगं खनिज, बनतच नाही का?

उष्णजल
बनतं की. क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं धातुक, शिलारसातच स्फटिक होऊन तळाशी साचतो. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डमध्ये त्याचे काळे थर कित्येक किलोमीटर सलग जातात. निकेल-तांब्याचं सल्फाइडही शिलारसातून तेलासारखं वेगळं होऊन खाली बसतं. तुमची कल्पना तिथे लागू आहे, फक्त सोन्याच्या शिरेला नाही.